निळ्या माशीमाराची शिकवणी

सह्याद्रीतल्या ओढ्याकाठी, जिथे करंज आणि जांभळाखाली भर दुपारीही अंधारून येतं, तिथे चिमणीहून लहान असा एक पक्षी बारा महिने राहतो. टिकेलचा निळा माशीमार. पाठ निळी, गळा आणि छाती तांबूस-नारिंगी, पोट पांढरं. बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान, कर्नाळा, फणसाड, सिंहगडाच्या पायथ्याची व्हॅली अशा ठिकाणी तो हमखास भेटतो. दुर्मीळ नाही, त्यामुळे त्याच्यासाठी कुणी सुट्टी टाकून येत नाही. बिबट्या किंवा निदान स्वर्गीय नर्तक बघायला आलेली मंडळी त्याच्या फांदीखालून गप्पा मारत निघून जातात.

मी बरीच वर्षं हौशी लोकांना जंगलात घेऊन जाते. उरलेला वेळ कोकणातल्या आमच्या घराच्या आगरात जातो, आणि तिथेही याची एक जोडी असते. जंगलाबद्दल मला जे थोडंफार कळलं, त्यातलं बरंचसं या एवढ्याशा पक्ष्याकडून. ते क्रमाने सांगते. क्रम माझ्या सोयीचा आहे, महत्त्वाचा नाही.

१. आधी कान, मग दुर्बीण

नवीन माणूस जंगलात शिरला की पहिल्यांदा दुर्बीण डोळ्याला लावतो आणि पानं बघत बसतो. या पक्ष्यापुढे त्या दुर्बिणीचा काही उपयोग नाही. तो सावलीत बसतो आणि पुष्कळदा जागचा हलतही नाही. ऐकू मात्र सहज येतो. त्याचं गाणं आखूड असतं, सहा ते दहा स्वरांचं, किंचित धातूसारखं. स्वर एकामागून एक घरंगळतात आणि ओळ पुरी होते न होते तोच तो थांबतो. थोड्या वेळाने पुन्हा तीच ओळ. शिवाय त्याचा एक कोरडा आवाज आहे, जुन्या कुलपात किल्ली फिरावी तसा, टिक्-टिक्. तो ऐकू आला की समजायचं, आपण त्याला दिसलो आहोत आणि आपलं येणं त्याला पसंत नाही.

त्याच्या वेळाही ध्यानात ठेवण्यासारख्या आहेत. एप्रिलच्या दुपारी बाकीचं रान गप्प असताना हा गातो. संध्याकाळी बुलबुल, सातभाई झोपायच्या जागेवरून भांडून शांत झाले की उरलेल्या उजेडात हा अजून किडे टिपत असतो. दिवसाची पाळी संपवणाऱ्या शेवटच्या काही पक्ष्यांत त्याचा नंबर लागतो. माझ्याबरोबर येणाऱ्यांना मी म्हणूनच सांगते, एका झाडाला पाठ टेकून उभे राहा, मोबाइल खिशात ठेवा, आणि दिसेल त्याकडे नव्हे तर ऐकू येईल तिकडे तोंड करा. पहिली पाच मिनिटं सगळ्यांना कंटाळा येतो. ती संपल्यावर रान बोलायला लागतं.

२. निळा रंग शोधत बसू नका

पुस्तकात त्याचा फोटो इतका निळा असतो की जंगलात तो दिव्यासारखा चमकेल असं वाटतं. प्रत्यक्षात सावलीत तो काळसर दिसतो. याला कारण आहे. त्याच्या पिसात निळं रंगद्रव्य नसतंच. पीस ज्या केरॅटिनचं बनलेलं असतं, त्यात हवेच्या अतिसूक्ष्म पोकळ्यांची जाळी असते. प्रकाश तिच्यावर पडला की त्यातला निळा भाग तेवढा विखरून आपल्याकडे येतो. उजेड कमी असेल तर परत यायला काही उरतच नाही. पटत नसेल तर नीलपंखाचं गळून पडलेलं निळं पीस उचलून सूर्याच्या दिशेने धरा, उजेड मागून येऊ द्या. निळा रंग जाऊन मळकट करडा-तपकिरी दिसेल. (बघून झालं की पीस जिथलं तिथे ठेवा.) छातीच्या तांबूस रंगाचं असं नाही. तो रंगद्रव्याचा असल्यामुळे अंधारातही थोडाफार ओळखू येतो.

तेव्हा सावलीत आधी तांबूस छाती शोधायची आणि ती हलण्याची वाट बघायची. शेपटी मध्येच झटकते, मान वळते, पक्षी खाली झेपावतो. कधी पानांतून उन्हाचा कवडसा पडतो आणि त्यात तो येऊन बसतो. तेव्हा मात्र कपाळाचा आणि डोळ्यांवरचा फिकट, झगझगीत निळा पट्टा बघून घ्यावा. मादी याच रंगांची पण फिकी, जरा धुरकट. पिल्लं घरट्याबाहेर आली की अंगभर तपकिरी ठिपक्यांची असतात, नुसत्या पंखांत आणि शेपटीत निळेपणा. दरवर्षी जूनमध्ये कुणीतरी अशा पिल्लाचा फोटो पाठवून ‘ही कुठली नवी जात?’ असं विचारतं.

ओळखताना गळा बघावा, तो महत्त्वाचा. याच्या गळ्यापासून छातीपर्यंत सगळं तांबूस, आणि तांबूस संपून पांढरं सुरू होतं ती सीमा बऱ्यापैकी ठळक. हिवाळ्यात हिमालयाकडून येणाऱ्या निळ्या गळ्याच्या माशीमाराचा गळा निळा आणि खाली छाती नारिंगी. फक्त पश्चिम घाटात राहणारा पांढऱ्या पोटाचा निळा माशीमार आहे, त्याच्या नराच्या छातीवर नारिंगी रंग नसतोच. पण त्याची मादी फसवते, कारण तिची छाती तांबूस असते; फरक कळतो तो तिच्या तपकिरी पाठीवरून. नुसत्या छातीवर भरवसा ठेवणाऱ्याची वही इथे हमखास चुकते.

३. एक फांदी धरून बसा

हे मला सगळ्यांत आवडतं, म्हणून इथे थोडी रेंगाळणार आहे.

वटवट्यासारखे पक्षी पानापानावर उड्या मारत किडे शोधतात. दिवसभर नुसती धावपळ. हा माशीमार जमिनीपासून फार उंच नसलेली, आडवी, समोर थोडी मोकळी जागा असलेली एक फांदी निवडतो आणि ताठ बसतो. समोरून किडा गेला की झेप, हवेतच चोचीत पकड, आणि परत त्याच फांदीवर किंवा शेजारच्या. झेपेत गेला तो क्षण सोडला तर सगळा वेळ बघण्यात जातो. म्हणून फांदी चुकली तर दिवस वाया. ती निवडताना तीन गोष्टी जुळाव्या लागतात: स्वतः सावलीत असणं, समोर उजेडाचा पट्टा असणं, आणि खाली ओल व पालापाचोळा असणं, कारण किडे तिथून वर येतात. ओढ्याकाठी, पायवाटेच्या कडेला, बांबूच्या बेटाजवळ तो का सापडतो, याचं उत्तर यातच आहे. ही जागा एकदा डोळ्यांत बसली की पक्षी दिसण्याआधी ‘इथे असणार’ असं सांगता येतं. बरोबरच्यांना ती जादू वाटते. मी ती तशीच वाटू देते.

उडता किडा चोचीत पकडायला डोळा कसा लागतो? स्वीडनमधल्या संशोधकांनी २०१६ साली छोट्या पक्ष्यांवर केलेलं काम प्रसिद्ध केलं. त्यात युरोपातले दोन माशीमारही होते. लुकलुकणारा दिवा आणि स्थिर दिवा यांतला फरक ओळखला की खाऊ, असं पक्ष्यांना शिकवलं होतं. आपल्याला सेकंदाला साधारण ६० वेळा लुकलुकणारा दिवा स्थिर वाटायला लागतो. त्यातल्या पाइड माशीमाराला सेकंदाला जास्तीत जास्त १४६ लुकलुकीपर्यंत फरक कळत होता. म्हणजे आपल्याला जी माशी धुरकट रेघ दिसते, तिचं प्रत्येक वळण त्याला सुटं दिसतं. आपल्या निळ्या माशीमाराची अशी परीक्षा झाल्याचं माझ्या वाचनात नाही, पण धंदा तोच आहे, आणि त्याची झेप पाहिलेल्या कुणालाही शंका येणार नाही.

चोच बुंध्याशी रुंद असते, आणि तिच्या दोन्ही बाजूंना ताठ केसांसारखी पिसं असतात. या मिशांनी किडा जाळ्यात घेतल्यासारखा चोचीत लोटला जातो, असं पूर्वी सर्रास छापलं जाई. अमेरिकेतल्या विलो फ्लायकॅचरवरच्या प्रयोगांत वेगळं दिसलं. मिशा काढल्या की वाऱ्याबरोबर आलेले कण डोळ्यांत जास्त जात होते. निदान त्या पक्ष्यात तरी मिशांचं काम डोळे सांभाळायचं. पकड चोचीच्या टोकाचीच.

आणि नुसत्या माश्या खाऊन याचं भागत नाही. पानाखालच्या अळ्या, जमिनीवरचे सरपटते किडे, पतंग, भुंगेरे, सगळं चालतं. पिल्लं असली की विशेषतः जमिनीवर उतरणं वाढतं. फांदीवरून टपकन खाली, एक कीड उचलली की वर. पाचोळ्याला तो फार वेळ पाय लावत नाही.

४. धंदा एक म्हणून नातं एक होत नाही

स्वर्गीय नर्तकालाही आपण माशीमारांतच बसवतो. लांब पांढऱ्या फितीसारखी शेपटी, काळा तुरा, आणि हवेत किडे पकडण्याची तीच रीत. पण तो या कुळातलाच नाही. त्याचं नातं कोतवाल, नाचण, खाटीक यांच्याशी जवळचं. उलट आपल्या अंगणात पहाटे शीळ घालणारा दयाळ आणि दगडावर शेपूट उभारणारा चिरक हे निळ्या माशीमाराचे खरे भाऊबंद, एकाच कुळातले. अमेरिकेतले फ्लायकॅचर तर यांपैकी कुणाचेच जवळचे नाहीत. वर ज्याच्या मिशांबद्दल सांगितलं, तोही त्यांच्यापैकीच. एकच पोटापाण्याचा उद्योग वेगवेगळ्या घराण्यांनी आपापला शोधून काढला.

५. वही लिहा, डोळे आहेत तोवर

या पक्ष्याचं शास्त्रीय वर्णन १८४३ साली कलकत्त्यातल्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचे अभिरक्षक एडवर्ड ब्लिथ यांनी केलं. टिकेल म्हणजे सॅम्युएल टिकेल, ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतला अधिकारी, १८११ साली कटकला जन्मलेला. छोटा नागपूरच्या बोराभूम आणि धालभूमच्या रानांत फिरून त्याने १८३३ साली तिथल्या पक्ष्यांची यादी छापली, तेव्हा तो विशीतला पोरगा होता. पुढे ब्रह्मदेशातही त्याने खूप काम केलं. चित्रं उत्तम काढायचा, टिपणं बारकाईने लिहायचा. भारतीय पक्ष्यांवर सचित्र सात खंड करायचं त्याच्या मनात होतं. निवृत्त होऊन युरोपात गेल्यावर डोळ्यांचा विकार जडला, दृष्टी जवळजवळ गेली, आणि ते काम अपुरंच राहिलं. १८७५ साली तो वारला. अपुरी हस्तलिखितं आणि चित्रं लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीकडे गेली.

साहेबांच्या नावाचे पक्षी आपण का मिरवायचे, असं तरुण मंडळी मला विचारतात. प्रश्न रास्त आहे. पण त्याची यादी मी वाचली, तेव्हा मला जाणवलं ते वेगळंच. त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं तेवढंच लिहिलं होतं. आज आमच्याकडे कॅमेरे आहेत, ई-बर्डवर याद्या आहेत, आणि तरी ‘जोडी, ओढ्याच्या डाव्या काठाला, मादी चोचीत गवताची मुळं घेऊन’ एवढं लिहायचा कंटाळा. फोटोत पक्षी येतो. तो तिथे काय करत होता हे येत नाही. माझा आग्रह आहे की तारीख, वेळ, झाड, उंची, पक्षी काय करत होता, एवढं मराठीत लिहा. अक्षर वाईट असलं तरी चालेल.

६. घरटं दिसलं तर थांबू नका

विणीचा काळ मुख्यतः एप्रिल ते ऑगस्ट. घरटं झाडाच्या ढोलीत, कुजक्या खोडाच्या बेचक्यात, दरडीतल्या खबदाडात, खडकांच्या फटीत. बहुतेक वेळा जमिनीपासून फार उंच नाही. सुकी पानं, मुळं, शेवाळ यांचा ढीग आणि मध्ये बारीक मुळांचं अस्तर. अंडी तीन ते पाच. दाट बारीक तांबूस ठिपक्यांमुळे ती मातकट दिसतात.

आमच्या आगराच्या मागे दगडी गडगा आहे, चुना-सिमेंट न लावता रचलेला. एका वर्षी त्यातल्या एका फटीत जोडी शिरताना दिसली. शेजारच्या काकू रोज त्याच वाटेने विहिरीवर जायच्या. मी त्यांना म्हटलं, “काकू, थोडे दिवस वरच्या वाटेने जाल का?” त्या म्हणाल्या, “अगो, मी कधीची बघत्येय त्यांना. मी थांबत नाही, म्हणून ती बसतात. तूच मेली दिवसातनं चारदा येऊन उभी राहत्येस.” खरं होतं ते. येणाऱ्या-जाणाऱ्याला पक्षी सोसतो, उभं राहून टक लावणाऱ्याला नाही. आपण ताटकळत थांबलो की आई-बाप चोचीत अळी धरून लांब फांदीवर टिक्-टिक् करत राहतात, पिल्लं उपाशी, आणि कावळ्याला, सापाला, मुंगसाला आयती वर्दी मिळते की इथे काहीतरी आहे.

मोबाइलवर त्याच्या गाण्याची ध्वनिफीत लावून त्याला उघड्यावर बोलावणं हा याच जातीचा त्रास. नर चिडून येतो, फोटो झकास मिळतो. पण त्याच्या मते त्याच्या हद्दीत परका नर घुसलेला असतो आणि तो सापडत नसतो. ज्या वेळात पोट भरायचं, तो वेळ भुताशी भांडण्यात जातो. पाणवठ्यावर रांगेत बसलेल्या कॅमेऱ्यांपैकी एकाने जरी हे केलं, तरी त्या पट्ट्यातल्या पक्ष्याला दिवसभर चैन नाही. माझ्याबरोबर येणाऱ्यांना याची सक्त मनाई आहे आणि त्यावरून काही जण पुन्हा माझ्याबरोबर आले नाहीत. चालेल.

७. हिवाळी पाहुण्यांत घरच्याला विसरू नका

ऑक्टोबरपासून रान भरतं. लाल छातीचा माशीमार, तपकिरी माशीमार, शेंड्यावर बसणारा निळसर-हिरवा व्हर्डिटर येतात. काश्मीरचा माशीमार काश्मीरकडच्या डोंगरांत वीण करून निलगिरी आणि श्रीलंकेकडे हिवाळा घालवायला जातो. तो धोक्यात आलेला, म्हणून त्याच्या बातमीला गर्दी. या दिवसांत ऊठसूट पाहुण्यांचीच यादी होते. मी मात्र दर खेपेला विचारते, आज निळा कुठे होता, आणि पाहुणे आल्यावर त्याने फांदी बदलली का? व्हर्डिटर वर उजेडात, लाल छातीचा मधल्या फांद्यांत, हा खाली सावलीत. असं मजल्यांचं वाटप बघायला मिळतं. ते काटेकोर नसतं, पण बघण्यासारखं असतं.

८. नेहमीचा पक्षी कमी झालेला कुणाला कळत नाही

आंतरराष्ट्रीय लाल यादीत हा ‘कमी चिंतेचा’ पक्षी आहे. भारत, श्रीलंका, म्यानमारपर्यंत पसरलेला, त्यामुळे यादी बरोबरच आहे. पण एखाद्या ओढ्यावरून तो गेला तर त्याची नोंद कुठल्या यादीत होणार?

त्याला झाडं तोडल्याशिवायही घालवता येतं, हे मी पाहिलं आहे. झाडं सगळी उभी, पण खालची झुडपं साफ केलेली, पाचोळा झाडून जाळलेला, ओढ्याच्या काठाला दगडी पिचिंग, वर बाकडी आणि रात्रभर जळणारे दिवे. गावाने त्याला सुशोभीकरण म्हटलं. पुढच्या उन्हाळ्यात तिथे बुलबुल होते, मैना होत्या, कावळे तर होतेच. खालच्या मजल्यावरचा कुणी नव्हता. वणवा त्याच मजल्याला आधी खातो. फेब्रुवारी-मार्चमध्ये लागलेल्या वणव्यात मोठी झाडं बहुधा वाचतात, आणि लोक म्हणतात, जंगल वाचलं. किड्यांची पैदास करणारा पाचोळा, घरट्याचं कुजकं खोड, बसायची खालची फांदी, हे मात्र गेलेलं असतं.

कोकणात राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जमीन भाजायला, कवळतोड (झाडांच्या डहाळ्या तोडणं) पूर्वापार आहे. तिला सरसकट दोष देणं मला मान्य नाही, शेतकऱ्याची गरज शहरात बसून मोडीत काढता येत नाही. पण हौसेखातर, पाहुण्यांना ‘क्लीन’ दिसावं म्हणून फार्महाउसवाले जे झाडतात, त्याला गरजेचं नाव देता येत नाही.

तेव्हा ज्यांच्याकडे आगर आहे, वाडी आहे, सोसायटीच्या मागे नाला आणि त्याच्या काठी चार झाडं आहेत, त्यांना माझी विनंती आहे. होळीनंतर साफसफाईला गडी लावाल, तेव्हा पाण्याकडची एक पट्टी सोडा. तिथला पाचोळा झाडू नका, जाळू नका. वठलेलं खोड अंगावर पडणार नसेल तर राहू द्या. गडग्याच्या फटी सिमेंटने बुजवायच्या असतील तर ते काम सप्टेंबरनंतर काढा.